वरची घळ

हॅल्वर ब्रेक्केनं सुनेची कुत्री पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो काठीवर रेलून फाटकाशी उभा होता. पिकअपच्या मागच्या पिंजऱ्यातून दोघं उतरली. आधी मादी, मग तिचा पोरगा. जॉर्जियापासूनचा प्रवास अंगातून झटकला, आणि पोरग्यानं सरळ हॅल्वरच्या फाटकाच्या खांबावर तंगडी वर केली.

"ही करतात काय?" हॅल्वरनं विचारलं.

"पाखरं शोधतात, मिस्टर हॅल्वर," ओलेटा म्हणाली.

"शोधून?"

"उभी राहतात."

"उभं राहायला माझ्याकडं गायी आहेत," म्हणत हॅल्वर घराकडं वळला. जाता जाता मुलाला म्हणाला, "आर्लेन, तिला सांग, इथं कुणी मिस्टर नाही."

आर्लेन फौजेत असताना जॉर्जियाला होता. तिथंच त्यानं ओलेटाशी लग्न केलं आणि लाकूड कापायच्या गिरणीत नोकरी धरली. गिरणी बंद पडली त्याच हिवाळ्यात इकडं मोंटानात म्हाताऱ्याच्या अंगावर घोडा पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. हॅल्वरची बायको कधीच गेलेली. गायींना बघायला कुणी नव्हतं. म्हणून दोघं आली.

ओलेटाचा बाप लावे पक्ष्यांच्या शिकारीची कुत्री तयार करायचा. पाइनच्या रानातल्या एका मोठ्या जमीनदाराकडं त्याचा जन्म गेला. शेकडो कुत्री त्याच्या हाताखालून गेली, पण सगळी मालकाची. मरायच्या आधी पर्ल नावाची मादी आणि तिच्या शेवटच्या वेतातला जेब, एवढीच काय ती त्यानं स्वतःची म्हणून मागून घेतली आणि लेकीच्या ताब्यात दिली. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, अरुंद कंबर, दोरीसारखी शेपटी. गोठ्याच्या मागं ओलेटानं त्यांच्यासाठी जुन्या फळ्यांची खोपटी केली. फळ्या घेताना हॅल्वरनं बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं उरलेल्या फळ्या मोजून आत नेऊन ठेवल्या.

मे महिन्यानंतर पाऊस पडला नाही. जूनमध्ये दोनदा ढग आले, गडगडले आणि कॅनडाच्या हद्दीकडं निघून गेले. जुलैत गवत कापायला काढलं तर ते घोट्याएवढं. यंत्र फिरायचं आणि मागं धुळीखेरीज फारसं काही पडायचं नाही. ओलेटा दिवसभर ट्रॅक्टरवर असायची. गवताचा भुसा मानेवरून पाठीत उतरायचा, घामाला चिकटायचा आणि संध्याकाळी खाजवून खाजवून अंग लाल व्हायचं. तळहाताला फोड आले, फुटले, मग तिथं कातडी जाड झाली. हॅल्वर बांधावर पिकअप लावून बसायचा आणि खिडकीतून काठीनं दाखवायचा, इकडं राहिलं, तिकडं राहिलं.

स्वयंपाकही तिच्याकडंच होता. पहिल्या आठवड्यात तिनं माहेरच्या पद्धतीनं मक्याच्या भरडीची पेज केली. हॅल्वरनं चमचा बुडवला, वर काढला, परत बुडवला.

"हे कोंबड्यांचं चुकून आत आलंय," तो म्हणाला.

आर्लेन हसला. मग ओलेटाकडं बघून गप्प झाला.

गावात दुकानाच्या गल्ल्यावरची बाई तिला प्रत्येक शब्द दोनदा म्हणायला लावायची. "पुन्हा म्हण ना, तेलाला काय म्हणालीस?" ओलेटा पुन्हा म्हणायची. मागं रांगेत उभे असलेले लोक खाली बघून हसायचे. पुढं पुढं ती बोटानंच दाखवू लागली.

सप्टेंबरात पाखरांच्या शिकारीचा मोसम उघडला. गवताचं काम संपलेलं, गायी विकायला अजून अवकाश. ओलेटानं बापाची दोननळी बंदूक काढली, तिला तेल दिलं, कुत्र्यांच्या गळ्यात घंट्या बांधल्या आणि ती माळावर गेली.

माळ तिला कळेना. तिकडं लावे पाइनच्या सावलीत, गवताच्या बुडाशी, झुबक्यानं बसायचे. कुत्रा जवळ गेला की थिजायचे. कुत्राही थिजून रोख धरायचा, नाक पुढं, एक पाय वर. मग माणसानं सावकाश चालत जायचं. इथल्या माळकोंबड्या उघड्या टेकडीवर बसत, माना वर करून. जेबनं वास घेऊन रोख धरला की त्या दूरवरूनच कुडकुडत उठायच्या आणि पुढच्या टेकडीमागं जायच्या. तितर पळायचे. कुत्रं रोख धरून उभं आणि पाखरं पायी चालत केव्हाच पसार झालेली. पर्ल म्हातारी, शहाणी. ती मागं वळून ओलेटाकडं बघायची. जेब मात्र प्रत्येक वेळी खरं मानून उभा राहायचा. निवडुंगाचे काटे त्यांच्या पंजात जायचे. संध्याकाळी ओलेटा पायरीवर बसून एकेक पंजा मांडीवर घेऊन ते काढायची.

ती रिकाम्या हातानं आली की हॅल्वर जेवताना सांगायचा, "आज मी रस्त्यावरून येताना दोन मारल्या. गाडीतूनच. घंटी नाही वाजवली."

"उडत्या मारल्या?" एकदा ओलेटानं विचारलं.

"उडायला वेळ कशाला द्यायचा?"

मग जेबला साळिंदर भेटलं. जॉर्जियात तो प्राणीच नाही. जेबला वाटलं हे काहीतरी खेळायचं आहे. तो परत आला तेव्हा त्याचं थोबाड काट्यांनी भरलं होतं, जिभेत, टाळूत, नाकात. ओलेटानं त्याला गोठ्यात आणलं. आर्लेन त्याच्या अंगावर आडवा पडला आणि तिनं पकडीनं एकेक काटा उपटला. जेब ओरडत होता, मुतत होता, पण चावला नाही. हॅल्वर दारात उभा होता.

"एक गोळी लागते फक्त," तो म्हणाला. "त्यालाही बरं, तुम्हालाही बरं."

"तुम्ही आत जा, मिस्टर हॅल्वर," ओलेटा मान वर न करता म्हणाली.

"माझाच गोठा आहे," हॅल्वर म्हणाला, पण गेला.

हळूहळू तिला माळ उमगायला लागला. दुपारच्या उन्हात पाखरं घळीत उतरतात, लाल बोरांच्या काटेरी झुडपांखाली सावलीला बसतात. तिथं ती लाव्यांसारखीच दडून राहतात. खालच्या घळीत तिनं पहिली माळकोंबडी पाडली, दोन दिवसांनी आणखी दोन. पण खालची घळ लहान, ती लवकरच रिकामी झाली. वर, टेकड्यांच्या पोटात, मोठी घळ होती. दोन्ही अंगांना झुडपं, मध्ये वाळलेला ओहोळ.

"वरच्या घळीत कसं आहे?" तिनं आर्लेनला विचारलं.

आर्लेन कुंपणाची तार ताणत होता. "तिथं काही नाही. तू खालच्याच घळीत जा," तो म्हणाला.

"खालची संपली."

"परत येतील," तो म्हणाला आणि तार बांधत राहिला.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी ती वरच्या घळीकडं गेली. ऊन पिवळं आणि वारा पडलेला. दोन्ही कुत्री झुडपांत शिरली. पर्लची घंटी डावीकडून, जेबची वरच्या बाजूनं. दोन घंट्या दोन वेगळ्या आवाजांच्या. ओलेटा डोळे मिटूनही सांगू शकली असती कोण कुठं आहे. मग जेबची घंटी जोरात खणखणली आणि थांबली.

ओलेटाच्या तोंडावर हसू आलं. घंटी थांबली म्हणजे कुत्र्यानं रोख धरला. ती घाई न करता चालू लागली. बापानं हेच शिकवलं होतं: कुत्रा उभा आहे तर त्याच्यावर विश्वास ठेव, पळत गेलीस तर पाखरंही जातात आणि कुत्र्याचा भरवसाही. घंटी एकदा खुळखुळली, परत थांबली. जेब तरुण आहे, जरा हलला असेल, असं तिला वाटलं. तिनं बंदुकीत काडतुसं घातली, श्वास सावरला, झुडपांना वळसा घातला.

पर्ल समोरच होती. दगडासारखी उभी, शेपटी ताठ, एक पाय उचललेला. एका कुत्र्यानं रोख धरला की दुसऱ्यानं मागं तसंच थांबायचं, त्याला मान द्यायचा, हे पर्लच्या रक्तातच होतं. ती आपल्या पोराला मान देत होती.

जेब पुढं झुडपाच्या बुडाशी होता. मागचे पाय जमिनीवर, पुढचे अधांतरी, मान तारेत. झुडपाच्या खोडाला बांधलेला बारीक पोलादी दोर आणि त्याला एक खटका. प्रत्येक हिसक्याला आणखी आवळणारा. कोल्ह्यांसाठी लावलेला फास.

ओलेटानं बंदूक टाकली. त्याला उचलून धरलं, खटका मागं सारायला बघितला. तार केसांत रुतली होती, बोट जाईना. नखं मोडली. पक्कड नव्हती, पक्कड कुणी पाखरांच्या शिकारीला नेत नाही. शेवटी खटका सुटला तेव्हा जेब अजून गरम होता, पण त्याची जीभ निळी पडली होती आणि छातीत काही नव्हतं. तिनं त्याच्या नाकात तोंडानं हवा भरली. बरगड्या दाबल्या. खूप वेळ.

पर्ल हलली नव्हती. तिचा उचललेला पाय थरथरत होता.

"बस, पर्ल," ओलेटा म्हणाली. "झालं."

वासरू नेतात तसं तिनं जेबला दोन्ही खांद्यांवर टाकलं, चारी पाय छातीपाशी धरले, बंदूक काखेत घेतली आणि घराकडं निघाली. वाटेत दोनदा बसली. जाकिटाच्या खांद्यावर त्याची लाळ ओघळत राहिली.

आर्लेन अंगणात ट्रकचं चाक बदलत होता. तिला बघून उठला. मेलेलं कुत्रं बघितलं की माणूस आधी रक्त शोधतो, गोळी कुठं लागली बघतो. आर्लेननं आधी गळा बघितला.

ओलेटानं ते टिपलं. जेबला तिनं जमिनीवर ठेवलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

आर्लेननं टोपी काढली. "मी तुला खालच्या घळीत जा म्हणालो होतो."

"जा म्हणालास. का, ते नाही म्हणालास."

"बाबा म्हणाले, सांगू नको."

"आणि लावले कुणी?"

आर्लेन टोपी हातात फिरवत राहिला. म्हाताऱ्याला घळीत उतरता येत नव्हतं. लावले कुणी, हे विचारायचीही गरज नव्हती.

"खड्डा खण," ओलेटा म्हणाली.

जमीन लोखंडासारखी झाली होती. फावडं नुसतं वाजायचं. आर्लेननं पहार आणली. तो पहारेनं ढेकूळ फोडायचा आणि ती हातांनी माती बाहेर ओढायची. हॅल्वर काठी टेकत आला आणि खड्ड्याच्या कडेला उभा राहिला.

"टेकडीमागं ढोरांचा खड्डा आहे की," तो म्हणाला. "माझ्या गायी मेल्यावर तिथंच जातात. त्या काही ह्याच्यापेक्षा वाईट नव्हत्या."

आर्लेनची पहार क्षणभर वर थांबली. मग खाली आली. हॅल्वर तसाच उभा राहिला. जेबला खड्ड्यात ठेवताना त्यानं दुसरीकडं मान वळवली.

सकाळी न्याहारीला तिघं टेबलाशी बसले. ओलेटानं पाव ठेवला, कॉफी ओतली, पण स्वतःसाठी ताट घेतलं नाही.

"किती आहेत?" तिनं विचारलं.

"काय?" हॅल्वर म्हणाला.

"पाच," आर्लेन म्हणाला. "एक गेला. चार उरले."

"माझ्या जमिनीत मी काय लावतो ते मी सांगत फिरत नाही," हॅल्वर म्हणाला. "वसंतात कोल्ह्यांनी वासरं नेली. एक तर अर्धं बाहेर आलेलं, गाय अजून कळा देत होती, तेव्हा मागून खाल्लं. तू बघितलं नाहीस ते. मी बघितलं, ह्या पायानं, आणि काही करू शकलो नाही."

"मला सांगितलं असतं तर मी तिकडं गेले नसते."

"सांगितलं असतं तर तू ते काढून टाकले असतेस."

"हो," ओलेटा म्हणाली. "काढले असते."

"मग?" हॅल्वरनं पाव कॉफीत बुडवला.

ओलेटा आर्लेनकडं वळली. "मी तुला विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं."

आर्लेन न्याहारी तशीच टाकून उठला, खुंटीवरची पक्कड घेतली आणि दुपारी चार फास आणून गोठ्यातल्या खिळ्याला अडकवले. संध्याकाळी हॅल्वर गोठ्यात गेला, त्या खिळ्याकडं बराच वेळ बघत उभा राहिला आणि परत आला.

त्यानंतरच्या आठवड्यात गायी विकायच्या होत्या. चारा निम्माही नव्हता. निम्मा कळप हिवाळ्याआधी घालवणं भाग होतं. पहाटेपासून ट्रक येऊन थांबले. आर्लेन घोड्यावर, ओलेटा फाटकावर. कुठली डावीकडं, कुठली उजवीकडं, हे हॅल्वर काठीनं दाखवायचा आणि ओलेटा फाटक फिरवायची. धूळ इतकी की तिच्या दातांत वाळू करकरत होती. एका गायीनं फाटक उडवलं, ते तिच्या मांडीवर बसलं. तिनं पाय झटकला आणि परत फाटक धरलं. म्हाताऱ्या गायींची पाळी आली तेव्हा हॅल्वर काठी दाखवायचा थांबला. कुंपणातून हात घालून एकेकीच्या पाठीला नुसता हात लावत होता. कुणी त्याला घाई केली नाही. ओलेटाही फाटक धरून थांबली. तिला त्याची दया आली नाही, पण ती थांबली.

ट्रकवाला पाणी प्यायला आला. "पाखरांची कुत्री आहेत ती तुझीच ना?" त्यानं ओलेटाला विचारलं. "गावात ऐकलं."

"होती," हॅल्वर मागून म्हणाला.

"एक आहे," ओलेटा म्हणाली.

ट्रक गेल्यावर माळ एकदम मोकळा झाला. मागं राहिलेल्या गायी कुंपणाशी उभ्या राहून दोन दिवस हंबरत होत्या.

रविवारी ओलेटानं बंदूक घेतली आणि पर्लच्या गळ्यात घंटी बांधली. पर्ल आठवडाभर नीट खात नव्हती; घंटीचा आवाज ऐकून उठून उभी राहिली. दोघी वरच्या घळीकडं निघाल्या. थोड्या वेळानं आर्लेन मागून येताना दिसला. त्याच्या हातात पक्कड होती. तो बराच मागं, पण येत होता. ओलेटा थांबली नाही आणि त्याला परत जा म्हणालीही नाही.

घळीच्या तोंडाशी ती थांबली. पर्लला दोरी लावली. आर्लेन जवळ आला.

"सगळे काढलेत मी," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो. तिला सोड."

"मागून नको येऊ," ओलेटा म्हणाली. "पुढं हो."

"म्हणजे?"

"कुत्रं जिथून जातं तिथून जा. कुत्र्याच्या उंचीनं."

आर्लेननं पक्कड खिशात घातली, गुडघे टेकले आणि झुडपात शिरला. लाल बोरांची काटेरी फांदी त्याच्या गालावरून ओरखडत गेली. हात पुढं करून, बोटं पसरून, झुडपाचं एकेक बूड चाचपत तो सरकू लागला. वाळक्या पानांचा आवाज येत होता आणि त्याच्या धापेचा.

वर कड्यावर पिकअप येऊन थांबला. हॅल्वरनं खिडकी खाली केली.

"आर्लेन," त्यानं हाक मारली. "ऊठ. बायकोसमोर रांगतोस?"

आर्लेन उठला नाही. पहिली झुडपं झाली, दुसरी झाली. ओलेटा पर्लला घेऊन मागून चालत होती. तिसऱ्या झुडपाच्या बुडाशी त्याचा हात थांबला. तो तसाच ओणवा राहिला.

फास नवा होता. तार अजून चकाकत होती, गंज नव्हता, माणसाचा वास जावा म्हणून तिला मातीही चोळली नव्हती. कुत्र्याच्या मानेच्या उंचीवर गोल करून टांगलेला.

"हा माझा नाही," आर्लेन हळू म्हणाला.

"तो राहू दे," वरून हॅल्वर म्हणाला. तो गाडीतून उतरून काठीवर उभा होता. "माझी जमीन आहे. कोल्हे रविवार पाळत नाहीत. राहू दे म्हणतो मी."

आर्लेननं मान वर करून बापाकडं बघितलं. त्या खुब्यानं म्हातारा ह्या उतारावरून खाली कसा आला असेल आणि परत वर कसा चढला असेल, ते त्याच्या डोळ्यांसमोर आलं असावं. किती वेळ लागला असेल. किती दुखलं असेल. आणि तरी तो आला होता.

त्यानं खिशातून पक्कड काढली आणि तार तोडली. एकदा खोडाशी, एकदा खटक्यापाशी. तुकडे खिशात टाकले आणि परत हातापायांवर होऊन पुढच्या झुडपात शिरला.

"आर्लेन," हॅल्वर म्हणाला.

झुडपातली वाळकी पानं वाजत राहिली.

तो झुडपातून पार निघाल्यावर ओलेटानं पर्लची दोरी सोडली. घंटी खुळखुळत त्याच्या अंगावरून पुढं गेली. इकडं, तिकडं, परत इकडं. घळीच्या माथ्याकडं घंटी थांबली. ह्या वेळी ओलेटानं आधी मान उंचावून बघितलं. पर्ल दिसत होती, उघड्यावर, चारी पायांवर, मान पुढं, शेपटी ताठ. तिनं खरा रोख धरला होता.

आर्लेन दोघींच्या मध्ये होता, गुडघ्यांवर.

"उठू का?" त्यानं विचारलं.

"झोप खाली."

तो पालथा झाला. तोंड मातीत, हात डोक्यावर. ओलेटा त्याच्या बाजूनं दोन पावलं पुढं आली आणि थांबली. माणूस पुढं असताना बंदूक वर करायची नाही, हे तिला बंदूक हातात देण्याआधी शिकवलं होतं. तिनं बंदूक वर केली. पाखरं एकदम उठली, पंखांचा भर्रर आवाज करत, कुडकुडत, उतारावरून वर. तिनं त्याच्या डोक्यावरून दोन बार काढले. एक पाखरू हवेत गोळा होऊन कड्यावर पडलं, पिकअपच्या पुढच्या चाकाशी.

पर्ल उतार चढून गेली. हॅल्वर तिथंच उभा होता, काठी दोन्ही हातांत धरून. पर्लनं त्याच्याकडं बघितलंही नाही. त्याच्या बुटापासून हातभर अंतरावरचं पाखरू तोंडात अलगद उचललं आणि खाली आली. ओलेटानं ते तिच्या तोंडातून घेतलं, त्याची मान तपासली, जाकिटाच्या मागच्या खिशात टाकलं.

आर्लेननं मातीतून डोकं वर केलं. त्याच्या कपाळावर पानं चिकटली होती आणि गालावरून रक्ताची रेघ आली होती.

"घळ संपलेली नाही अजून," ओलेटा म्हणाली आणि दुसऱ्या अंगाच्या झुडपांकडं बोट दाखवलं.

आर्लेन ओहोळ ओलांडून पलीकडं गेला, तिथं परत गुडघे टेकले आणि आत शिरला.